थेट सरपंच: गावाला आधार की ग्रामपंचायतीत कोंडी?

शिवार: महाराष्ट्रात सरपंच थेट जनतेतून निवडायची तरतूद २०१७ ला आली, २०२० ला गेली, २०२२ ला परत आली. ती टिकायला हवी. सदस्यांतून निवड होती तेव्हा निकाल लागला की सदस्य सहलीला, नंतर पदाची वाटणी. थेट सरपंचावर पहिली दोन वर्षं अविश्वास ठराव येत नाही. पुढेही तीन चतुर्थांश सदस्य लागतात, वर ग्रामसभेत गुप्त मतदान. हातात घेतलेलं काम पुरं करायला तेवढी उसंत हवीच.

टिपणवही: उसंत मिळते, बहुमताचं काय? ११ सदस्यांपैकी ७ विरोधी पॅनेलचे आले, तर मासिक सभेत खर्चाचा ठराव पडतो. आणि हटवायला लागतात ९. सरपंचाला काम करता येत नाही, सातांना त्याला काढता येत नाही. पंधराव्या वित्त आयोगाचा (२०२१-२६) ६० टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित होता, म्हणजे त्याच कामांवर खर्चायचा. भांडणात असाच निधी पडून राहतो, गटार तसंच तुंबलेलं.

शिवार: मग विषय ग्रामसभेत न्यावा. गावासमोर उघड विरोध करणं सदस्यांना जड जातं.

ओढ्याकाठी: कुठली ग्रामसभा? गणपूर्ती, म्हणजे लागणारी किमान हजेरी, १५ टक्के मतदार किंवा १००, यातली कमी संख्या. तेवढेही जमले नाहीत की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. मग वीस-पंचवीस माणसं गावाचा आराखडा मंजूर करतात. प्रोसिडिंग बुकात, म्हणजे सभेच्या इतिवृत्ताच्या वहीत, दोन ठरावांमध्ये कोरी जागा सोडलेली दिसली की समजावं, तिथे नंतर काहीतरी बसणार आहे. पानांना क्रमांक द्या, कोऱ्या जागेवर रेघ मारा, ठराव तिथल्या तिथे वाचून दाखवा, मगच सह्या. महिला सभेचे ठरावही त्याच दिवशी मुख्य सभेत शब्दशः वाचले जावेत. निवड कशीही करा, हे झालं नाही तर सगळं व्यर्थ.

टिपणवही: अगदी. हिवरे बाजारला पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले ते जुन्याच पद्धतीत. शेतीसाठी बोअरवेल नको, पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवायची, हे ग्रामसभेच्या जोरावर टिकलं.

शिवार: तिथे गावाचं एकमत होतं. कायदा लागतो तो दोन पॅनेलमध्ये फाटलेल्या गावांना. तुमची कोंडी मान्य आहे, पण ती फोडायला थेट निवड रद्द कशाला? अट दोन तृतीयांशावर आणा: ११ मध्ये ८. अखेरचा कौल ग्रामसभेचाच राहील.

टिपणवही: सातांचा प्रश्न तरीही सुटत नाही. साधं बहुमत ठेवा आणि गावाला ठरवू द्या.