मदत हवी आहे: झोंगझ (पानात बांधून उकळलेले चिकट भाताचे पुडे) उकळताना सुटतात

आम्ही चीनमधल्या हांगचौला राहतो. मेच्या सुरुवातीला 'लीश्या', म्हणजे इथल्या पंचांगातली उन्हाळ्याची सुरुवात झाली. तेव्हा शेजारच्या आजींनी माझ्या लेकीच्या गळ्यात रंगीत दोऱ्याच्या जाळीत उकडलेलं अंडं अडकवलं. किती मिरवली ती दिवसभर!

आता पाचव्या चांद्र महिन्याच्या पाचव्या दिवशी ड्रॅगन बोटींचा सण. आजींना यंदा माझ्या हातचे झोंगझ द्यायचेत. त्या डुकराचं मांस घालतात, आम्ही शाकाहारी, म्हणून मी आत सुकी लाल बोरं घालते. चिकट तांदूळ रात्रभर भिजवले, बांबूच्या पानाचा द्रोण करून भरले, दोऱ्याने बांधले आणि दोन तास उकळले. दुमडतानाच निम्मी पानं देठापाशी चिरली. जे टिकले, त्यांतले दोन भांड्यातच सुटले आणि एकाचा मधला भात कचकचीत राहिला. पातोळ्या मी सहज करते, पण हे जमत नाहीये.

सुकी पानं आधी उकळून घ्यायची की नुसती भिजवायची? दोरा किती घट्ट बांधायचा? चीन, सिंगापूरकडे राहून कोणी शिकलं असेल तर कृपया सविस्तर सांगा. आजी भराभर बांधतात, आणि त्यांची बोली मला अजून कळत नाही.