मदत हवी आहे: मिस्टर सुदानच्या साखर कारखान्यात अडकलेत, पासपोर्ट खार्तुमला राहिलाय

कृष्णाकाठ_७ | २३ एप्रिल २०२३, रात्री १०.४०

नमस्कार. इथं पहिल्यांदाच लिहितेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझे मिस्टर सुदानमध्ये साखर कारखान्यात पॅनमन आहेत, म्हणजे पॅनमध्ये (मोठ्या भांड्यात) उसाचा रस आटवून साखरेचा दाणा धरायचं काम. आमचं गाव वाळवा तालुक्यात. इथं ते सीझनल होते, गाळप संपलं की सहा महिने घरी बसायचं. तिकडं बारमाही पगार म्हणून दोन वर्षांपूर्वी गेले. कारखाना खार्तुमच्या दक्षिणेला, पांढऱ्या नाईलच्या पट्ट्यात, कोस्तीच्या बाजूला आहे. आपल्या भागातले पंधरा-सोळा जण बरोबर आहेत, कोणी फिटर, कोणी टर्बाइनवर, एक केमिस्ट.

१५ तारखेला खार्तुममध्ये लष्कर आणि आरएसएफ (तिथलं निमलष्करी दल) यांची लढाई सुरू झाली. विमानतळ बंद आहे. कारखान्याच्या बाजूला गोळीबार नाही, पण बँका बंद, डिझेल मिळत नाही, कॉलनीतल्या दुकानात फक्त मसूर आणि कांदा उरलाय. फोन दिवसातून एकदा लागतो, तोही दोन मिनिटं.

खरी अडचण पासपोर्टची. इकामा (तिथं राहायचा परवाना) वाढवायला मार्चमध्ये सगळ्यांचे पासपोर्ट एका एजंटकडे खार्तुमला गेले. त्याचं ऑफिस विमानतळाच्या जवळ. त्याचा फोन आठवडाभर बंद. ह्यांच्या डोक्यात एकच, भाड्याची गाडी करायची, खार्तुमला जाऊन पासपोर्ट उचलायचे आणि मग पुढं कुठं जायचं ते बघू. मी नको म्हणते. सासूबाई म्हणतात, पासपोर्टशिवाय कोण जहाजात घेणार?

कोणाला अनुभव असेल तर सांगा. पासपोर्टशिवाय निघावं का? कुठल्या रस्त्यानं? आणि इथं बसून मी काय करू?

दापोलीकर | २३ एप्रिल, रात्री ११.१५

ताई, आधी हे सांगा त्यांना: खार्तुमकडे एक पाऊलही टाकायचं नाही. पासपोर्टसाठी तर नाहीच.

मी १९९० साली कुवेतला होतो. २ ऑगस्टला इराकी घुसले. माझा पासपोर्ट कफीलच्या (ज्याच्या नावावर व्हिसा असतो त्या मालकाच्या) तिजोरीत आणि कफील सौदीला पळालेला. आमच्या बिल्डिंगमध्ये आठ-नऊ जणांची तीच गत. बसने बसरा, तिथून बगदाद, मग जॉर्डनची सीमा. वाळूत तंबूत दिवस काढले. अम्मानला आपल्या दूतावासाच्या माणसांनी टेबल मांडलं होतं. नाव, गाव, बापाचं नाव, जिल्हा विचारला, दोन साथीदारांनी ओळख दिली, एक कागद हातात आला. त्या कागदावर मी मुंबईला उतरलो. एअर इंडियाने दोन महिन्यांत पावणेदोन लाख लोक आणले, त्यातल्या सगळ्यांकडे पासपोर्ट होते असं वाटतं का तुम्हाला?

त्या कागदाला इमर्जन्सी सर्टिफिकेट म्हणतात. एकदाच, एकाच बाजूचा प्रवास, भारतात यायला. आजही तीच पद्धत आहे. पासपोर्ट ही वस्तू आहे, पुन्हा मिळते.

नाईलकाठचा_मिरजकर | २३ एप्रिल, रात्री ११.५०

मी २०१४ ते १८ त्याच पट्ट्यात होतो, म्हणून रस्त्याचं सांगतो. नकाशा उघडा. कोस्तीहून उत्तरेला गेलं की खार्तुम. तो रस्ता विसरा. पूर्वेला सेन्नार, तिथून वद मदनी, मग गदारिफ, कसाला आणि शेवटी पोर्ट सुदान. हजार-बाराशे किलोमीटर होतं. रस्ता डांबरी आहे, बस चालतात. एरवी मधे एक मुक्काम करून जायचं, आता नाक्यांवर वेळ जाणार म्हणून दीड-दोन दिवस धरा.

गदारिफला कोणीतरी म्हणेल की इथिओपियाची सीमा जवळ आहे, तिकडून निघा. पासपोर्टच नाही तर सीमेवर अडकून बसाल. समुद्राकडेच जायचं. नौदलाची आयएनएस सुमेधा पोर्ट सुदानला पोहोचलीय आणि हवाई दलाची दोन विमानं सौदीतल्या जेद्दाहला थांबवलीत, हे आज सरकारनं सांगितलंय.

आणि एक. आपली माणसं खाकी गणवेश घालून निघतात, कारण तोच मजबूत कपडा असतो. नाक्यावर खाकी दिसली की बंदूक आधी वर होते. साधा शर्ट-पँट घाला. मोबाइलमध्ये सैनिकांचे, रणगाड्यांचे फोटो, फॉरवर्ड आलेले व्हिडिओ असतील तर सगळे पुसून टाका.

कृष्णाकाठ_७ | २४ एप्रिल, सकाळी ७.०५

रात्रभर झोप नाही. पहाटे फोन लागला (तिकडं आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं). खार्तुमचं डोक्यातून काढलं त्यांनी, दापोलीकर काका, तुमचं वाचून दाखवलं. आभार.

पण आता नवीनच. निघायला तयार नाहीत! म्हणतात, पॅनमध्ये माल आहे, तो उतरवल्याशिवाय कसं जाऊ. गाळप आठवड्यात संपणार होतं, तर तेवढं संपवून निघू. मी काय बोलणार.

आणि काल संध्याकाळी एकाचा फोन आला. माणशी ४०,००० द्या, यादीत नाव वर घालतो म्हणाला. त्याला ह्यांचं नाव, कारखान्याचं नाव सगळं माहीत होतं. द्यायचे का? सासूबाईंनी पाटल्या काढून ठेवल्यात.

मळीवाला | २४ एप्रिल, सकाळी ७.४०

पाटल्या परत हातात घाला म्हणावं. एक रुपया द्यायचा नाही. यादी दूतावास करतो, नाव घालायला पैसे लागत नाहीत, जहाजाचं-विमानाचं तिकीटही लागत नाही. गावातल्याच कोणीतरी व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवरून नावं उचललेली असणार.

पॅनचं म्हणाल तर मी ३१ वर्षं साखर कारखान्यात काढली, चीफ केमिस्ट म्हणून निवृत्त झालो. तुमच्या मिस्टरांची तगमग मला कळते. पॅनमध्ये दाणा धरलेला असताना पॅनमन जेवायलासुद्धा उठत नाही. काचेतून बघत बसतो, सळई घालून नमुना काढतो, अंगठ्यावर चोळून दाणा बघतो. तसाच सोडला तर माल बसतो, दगड होतो.

पण त्यांना माझा निरोप द्या: बसला तर बसू दे. गरम पाणी आणि वाफ मारून पॅन धुता येतो, मी स्वतः दोनदा धुवून घेतलाय. आणि महत्त्वाचं म्हणजे, कॉलनीतली लाईट कुठून येते ते विचारा. बगॅस (उसाचा चोथा) जाळून बॉयलर चालतो, त्यावर टर्बाइन, त्यावर सगळी वीज. गाळप संपलं की बगॅस संपला. मग लाईट नाही, पाण्याचा पंप नाही, मोबाइल चार्ज होणार नाही. म्हणजे हंगाम संपवून निघू म्हणणारा माणूस अंधारातच निघणार. लाईट आहे तोवर, फोन भरलेले आहेत तोवर निघायचं.

कृष्णाकाठ_७ | २४ एप्रिल, रात्री ९.२०

मळीवाला काका, तुमचा निरोप शब्द न शब्द वाचून दाखवला. जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "चीफ केमिस्ट सांगतात तर उतरवतो आज रात्रीच, जसा असेल तसा." मी आठ दिवस रडतेय त्याचं काही नाही, पण चीफ केमिस्टांचं ऐकलं!

संध्याकाळी बातमीत सांगितलं, आपल्या लोकांना सुदानमधून आणायची सरकारची मोहीम, ऑपरेशन कावेरी, सुरू झालंय, पाचशे लोक पोर्ट सुदानला पोहोचलेत.

तिसरी_पाळी | २४ एप्रिल, रात्री १०.३०

ताई, मी नर्स आहे. एक विचारते, कोणी बोललेलं दिसत नाही. पिवळं कार्ड आहे का त्यांच्याकडे? यलो फीव्हरच्या लशीचं. सुदान त्या तापाच्या देशांच्या यादीत आहे. कार्ड नसलं तर भारतात उतरल्यावर विलगीकरणात ठेवतात, सुदान सोडल्यापासून सहा दिवसांपर्यंत. जाताना लस घेतली असणारच, पण कार्ड कुठंय?

कृष्णाकाठ_७ | २४ एप्रिल, रात्री १०.५२

पासपोर्टच्या कव्हरमध्ये. 🤦‍♀️

तिसरी_पाळी | २४ एप्रिल, रात्री ११.००

घरी फोटो, झेरॉक्स काही असेल तर शोधा. पासपोर्टचीही. दोन्ही त्यांच्या आणि बरोबरच्या दोघातिघांच्या मोबाइलवर पाठवा, एकाचा फोन गेला तरी दुसऱ्याकडे राहील. आणि कागदावर लिहून खिशात ठेवायला सांगा: पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख, तुमचा नंबर. बॅटरी संपते, कागद संपत नाही.

दापोलीकर | २५ एप्रिल, सकाळी ६.३०

आम्ही तर बनियनच्या आत शिवून घेतला होता कागद. अम्मानला काढला तेव्हा घामाने शाई पसरलेली, फक्त जिल्हा वाचता येत होता. त्या अधिकाऱ्याने "रत्नागिरी?" असं विचारलं आणि मी तिथे ढसाढसा रडलो. असो. विषयांतर झालं.

मिरज_जंक्शन | २५ एप्रिल, सकाळी ९.००

काका, विषयांतर होऊ द्या, पण ताईंना यादी हवीय. ताई, तुमच्या बाजूने: परराष्ट्र मंत्रालयाचा दिल्लीत नियंत्रण कक्ष आहे, तिथं फोन आणि ईमेल दोन्ही करा. सोळाही जणांची नावं एकाच मेलमध्ये, प्रत्येकापुढं पासपोर्ट क्रमांक, सुदानमधला फोन, आत्ता नेमके कुठं आहेत ते. मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवरही तक्रार टाका. मग जिल्हाधिकारी कार्यालय, आणि खासदारांच्या ऑफिसला तीच यादी. सोळा बायकांनी सोळा वेगळे मेल केले तर सोळा वेगळ्या फायली होतात, म्हणून एकच करा. बाकीच्या घरांशी बोलणं आहे ना?

कृष्णाकाठ_७ | २५ एप्रिल, दुपारी १.१०

आता आहे. तासगावच्या एकीच्या मुलानं एक्सेलमध्ये यादी केली. आम्ही सगळ्या तिच्या ओट्यावर बसून पासपोर्टच्या झेरॉक्सा शोधत होतो, कोणाची रेशनकार्डाच्या पिशवीत, कोणाची देव्हाऱ्याखाली. पाच जणांची सापडलीच नाही, त्यांचे नंबर जुन्या विमान तिकिटांवरून काढले. ह्यांच्या पिवळ्या कार्डाचा फोटो सापडला, पण अर्धा. खालचा शिक्का कापला गेलाय.

रात्रीपासून ७२ तासांची शस्त्रसंधी आहे म्हणे. कारखान्यानं बस दिलीय, डिझेल कोणाच्या तरी शेतावरच्या टाकीतून घेतलं. उद्या पहाटे निघणार.

नाईलकाठचा_मिरजकर | २५ एप्रिल, दुपारी १.३०

चला, मार्ग निघाला. आज २७८ लोकांना घेऊन सुमेधा निघाल्याची बातमी आहे. बसमध्ये पाणी भरपूर घ्या, कसालाच्या पुढं काही नाही, नुसता उन्हाळा. एखादा स्थानिक माणूस पुढच्या सीटवर बसवा. नाक्यावर अरबीत बोलणारा असला की निम्मं काम होतं. सुदानी लोक फार माणुसकीचे, चहा पाजल्याशिवाय सोडत नाहीत, हे मी चार वर्षं अनुभवलंय. बंदूक घेतलेल्या पोरांचं मात्र सांगता येत नाही.

कृष्णाकाठ_७ | २७ एप्रिल, दुपारी ४.००

पोहोचले!! पोर्ट सुदानला. काल दिवसभर फोन नव्हता, काय काय मनात आलं ते लिहीत नाही.

वाटेत सात-आठ नाके लागले. एका ठिकाणी सगळ्यांना उतरवून पिशव्या उपड्या केल्या. ह्यांच्या पिशवीत साखरेची दोन किलोची पुडी होती, ह्याच हंगामाची, घरी दाखवायला आणत होते. त्या पोरानं बोट बुडवून चाखली, पुडी ठेवून घेतली आणि बस सोडली.

इमर्जन्सी सर्टिफिकेटचा फॉर्म भरून झाला, झेरॉक्स मोबाइलवर दाखवली. ज्यांची झेरॉक्स नव्हती त्यांनाही घेतलं, बरोबरच्यांनी ओळख दिली. अगदी काका म्हणाले तसंच. आज रात्री जहाज.

मळीवाला | २७ एप्रिल, दुपारी ४.१०

वा! पुडी गेली त्याचं वाईट वाटलं. दाणा कसा होता विचारा.

कृष्णाकाठ_७ | ३० एप्रिल, सकाळी ११.२०

काल दिल्लीत उतरले. जेद्दाहला आपल्या भारतीय शाळेत गाद्या टाकून सोय केली होती, तिथं दहा दिवसांनी पोटभर वरणभात खाल्ला म्हणे.

तिसरी_पाळी ताई, तुमचं खरं झालं. अर्ध्या फोटोवर शिक्का दिसत नाही म्हणून विलगीकरणात ठेवलंय. ३ तारखेपर्यंत. सोळातल्या सात जणांना. बाकीच्यांनी कार्ड पासपोर्टपासून वेगळं ठेवलं होतं. राहायला-खायला ठीक आहे, पंखा आहे, व्हिडिओ कॉल होतो. दाढी वाढलीय, निम्मे झालेत. धाकटीनं ओळखलंच नाही, स्क्रीनला पाठ करून बसली.

तिसरी_पाळी | ३० एप्रिल, दुपारी १२.०५

तोवर झोपू देत त्यांना. ज्यांचे नवरे अजून तिकडं आहेत त्यांना मात्र कार्डाचं आजच सांगा.

कृष्णाकाठ_७ | ५ मे, रात्री ८.४५

रेल्वेनं आज सांगलीला उतरले. घरी आहेत.

शेवटचे दोन प्रश्न, मग त्रास देत नाही. पासपोर्ट हरवल्याची तक्रार इथल्या पोलीस ठाण्यात घेतील का, की हरवला सुदानमध्ये म्हणून नाही म्हणतील? आणि मार्च-एप्रिलचा पगार राहिलाय, तो कोणाकडं मागायचा?

पासपोर्टची एवढी घाई का म्हणाल, तर सोसायटीचं कर्ज अजून एक लाख ऐंशी हजार आहे. जेवताना म्हणाले, नोव्हेंबरात बॉयलर पेटला तर परत बोलावतील. मी ताट तसंच ठेवून आत गेले.

मिरज_जंक्शन | ५ मे, रात्री ९.३०

तक्रार इथं घेतात. इमर्जन्सी सर्टिफिकेटची प्रत जोडा, ते जपून ठेवा, नवीन पासपोर्टच्या अर्जाला तेच लागतं. पगारासाठी सोळा जणांचा एकच अर्ज करा, कॉन्ट्रॅक्टची प्रत आणि शेवटची पगारपावती लावून 'मदद'वर टाका, दूतावास आता पोर्ट सुदानहून काम करतोय. वेळ लागेल.

नोव्हेंबरचं आत्ता बोलू नका त्यांच्याशी. इथल्या कारखान्यांत पॅनमन कोणाला हवाय का, मी उद्या विचारतो. मळीवाला काका, तुमच्या ओळखीत?

मळीवाला | ५ मे, रात्री ९.४१

दोन ठिकाणी सकाळीच फोन करतो. ताई, त्यांचा नंबर मला व्यक्तिगत निरोपात पाठवा. सीझनल नको, कायम बघू.