मुलं बोलायला कशी लागतात? रोज हेच काम करणाऱ्यांनी लिहावं

'वाट बघा, बोलेल' एवढ्यावर पालकांची बोळवण होते. काय ऐकायचं, काय करायचं, कधी दाखवायचं, ते नेमकं सांगा.

स्पीच थेरपिस्ट
शब्दांआधी बडबड ऐका. दीड-दोन महिन्यांचं बाळ 'आऽऽ', 'ऊऽऽ' करतं. ६ ते १० महिन्यांत 'बाबाबा', 'दादादा' सुरू होतं. ओठ, जबडा आणि आवाज यांचा मेळ इथे बसतो. दहावा महिना उलटला तरी 'बाबाबा' नाही, तर आधी कान तपासून घ्या. ऐकू न येणारं बाळही सुरुवातीला आवाज काढतं, म्हणून घरचे गाफील राहतात. पाठीमागे टाळी वाजवून बघणं ही तपासणी नव्हे. सावली हलली, वारा लागला तरी बाळ वळतं.

उच्चारांचं म्हणाल तर प, ब, म लवकर येतात: ओठ मिटून उघडले की झालं, शिवाय समोरच्याचे ओठ दिसतात. क-गसाठी जिभेचा मागचा भाग उचलावा लागतो, म्हणून 'काका'चं 'ताता' होतं. र तर बऱ्याच उशिरा बसतो. पण मुलाचा कान जिभेच्या पुढे असतो. तुम्ही मुद्दाम 'ताता' म्हणून बघा, ते चिडतं! म्हणून 'नीट म्हण' असा धोशा लावू नका. ते 'ताता आले' म्हणालं की 'हो, काका आले. कुठे बसले काका?' एवढंच म्हणा. शब्द जरा लांबवा, पण मुलाकडून वदवून घेऊ नका.

बालवाडी शिक्षिका
'हे काय? रंग कुठला?' ही सरबत्ती थांबवा. मूल ज्याकडे बघतंय त्याबद्दल एक छोटं वाक्य बोला आणि मनात सातपर्यंत आकडे मोजा. बहुतेक मोठी माणसं दोनाच्या आत स्वतःच उत्तर देऊन टाकतात. मागे टीव्ही चालू असला की घरातले मुलाशी कमी बोलतात, खरं नुकसान तिथे होतं.

भाषेची अभ्यासक
आधी 'केलं' म्हणणारं मूल मध्येच 'करलं' म्हणू लागलं, तर ती घसरण नाही. 'बसलं', 'पडलं' ऐकून त्याने नियम स्वतः शोधलाय. दिवसभर आईचं ऐकणारा मुलगा 'मी जाते' म्हणतो, तेही तसंच. हसू नका, आपसूक सुटतं.

बालरोगतज्ज्ञ
पहिला शब्द साधारण वर्षाच्या आसपास. दोन वर्षांपर्यंत निदान ५० शब्द आणि 'पाणी दे' अशा जोड्या हव्यात. कुत्र्याला दर वेळी 'भूभू' म्हणत असेल तर तो शब्दच धरा. घरात दोन भाषा असतील तर दोन्हींतले शब्द मिळून मोजा, आणि घरची भाषा मुळीच बंद करू नका; उशीर तिच्यामुळे होत नाही. जीभ खाली चिकटलीय, शीर कापा, हा सल्लाही सर्रास मिळतो. जिभेखालच्या पडद्याने बोलणं सुरू व्हायला उशीर होत नाही.

आलेले शब्द गेले, तर मात्र वय कुठलंही असो, लगेच दाखवा.