चारातलं एक "होऊन गेलं" असं नसतं

"पहिलं मूल थॅलेसेमिया मेजर निघालं, म्हणजे चारातलं एक झालं, आता पुढची तीन सुटली" हा बरेचदा ऐकू येणारा हिशेब चुकीचा आहे. (थॅलेसेमिया मेजर म्हणजे बीटा थॅलेसेमियाचा गंभीर प्रकार, हिमोग्लोबिन नीट न बनण्याचा आनुवंशिक आजार.) आईवडील दोघंही वाहक असतील (म्हणजे सदोष जनुकाची एकच प्रत, स्वतः आजारी नाहीत) तर प्रत्येक गर्भधारणेत २५ टक्के शक्यता नव्याने उभी राहते. आजारी मुलाच्या धडधाकट भावंडांसाठी सहसा सांगितला जाणारा ५० टक्के वाहक हा आकडाही कमी पडतो. चार शक्यतांत एक आजारी, दोन वाहक, एक पूर्ण निरोगी; त्यातला 'आजारी' हा पर्याय त्यांच्यापुरता बाद झालेला असतो. उरले तीन, त्यातले दोन वाहकाचे. म्हणजे जवळपास ६७ टक्के.

आणि तपासणीतही एक खाच आहे. बीटा थॅलेसेमियाचा वाहक बहुधा साध्या सीबीसीतच (रक्तपेशींची नेहमीची तपासणी) ओळख देतो: एमसीव्ही (तांबड्या पेशीचा सरासरी आकार) ८० च्या खाली, एमसीएच (पेशीतलं सरासरी हिमोग्लोबिन) २७ च्या खाली, पण तांबड्या पेशींची संख्या मात्र चांगली, बरेचदा दर मायक्रोलिटरला ५० लाखांच्या वर. (निव्वळ लोह कमी असेल तर संख्याही सहसा घटते.) मग एचपीएलसीत (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी चाचणी) एचबीए२ हा हिमोग्लोबिनचा प्रकार साडेतीन टक्क्यांच्या वर दिसलं की वाहक. घोळ होतो तो वाहकपण आणि लोहाची कमतरता दोन्ही एकत्र असतील तेव्हा. लोहाच्या कमतरतेने ए२ थोडं खाली येतं, ३.३ वगैरे दिसतं आणि रिपोर्टवर 'नॉर्मल' छापून येतं. म्हणून सोबत फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) बघा. कमी असेल तर लोह भरून काढून एचपीएलसी पुन्हा करा. गर्भारपणात मात्र लोह भरायची वाट बघत बसू नका, जोडीदाराची तपासणी त्याच आठवड्यात उरका. शंका राहिलीच तर थेट डीएनए चाचणी.