मदत हवी आहे: सायकलिंगमधला उद्याचा स्टार आधीच कसा ओळखायचा?

राजेहो, आम्ही यवतमाळकडचे चार दोस्त दर सीझनआधी 23 वर्षांच्या आतले पाच सायकल रायडर वहीत लिहून ठेवतो. मी आतापर्यंत तूर द लाव्हनीरचे (23 च्या आतल्यांची फ्रान्समधली मोठी शर्यत) विजेतेच पकडत होतो, कारण बर्नाल ती 2017 ला जिंकला अन् 2019 ला थेट तूर द फ्रान्स, पोगाचारचंही तसंच, 2018 अन् मग 2020. पण लाव्हनीरचा 2019 चा विजेता फॉस टाइम ट्रायलचा (एकट्यानं घड्याळाविरुद्ध पळवायची शर्यत) वर्ल्ड चॅम्पियन झाला, ग्रँड टूर (तूर द फ्रान्ससारखी तीन आठवड्यांची शर्यत) काही जिंकला नाही, अन् एवेनेपूल तर ज्युनिअरमधून सरळ प्रोमध्येच गेला, तो या हिशोबात बसतच नाही. पैसे भरायचं ॲप नको, मोबाईलवर फुकट निकाल दिसतात तेवढेच. मग ज्युनिअरच्या टाइम ट्रायलला जास्त वजन देऊ का घाटातल्या स्टेजला? अन् 19 व्या वर्षीचा पाचवा नंबर 22 व्या वर्षीच्या पहिल्यापेक्षा भारी धरायचा का?