मदत हवी आहे: राउटरवरच्या शेअर फोल्डरला वेगळे युजर

नमस्कार मंडळी. रावेरला आमचं केळी खरेदीचं ऑफिस आहे. राउटरच्या यूएसबीला हार्ड डिस्क लावून सांबा (नेटवर्कवर फोल्डर शेअर करणारं सॉफ्टवेअर) सुरू केलंय. हिशोबाचं फोल्डर मी आणि मोठ्या भावानेच उघडावं, काट्यावरच्या पोरांना वजनपावत्या तेवढ्या दिसाव्यात, म्हणून दोन युजर केले.

काट्यावरच्या विंडोज १० कॉम्प्युटरवर एकदा माझ्या नावाने लॉगिन केलं होतं. तेव्हापासून तिथे हिशोब सरळ उघडतो, पासवर्ड विचारतच नाही! दुसरं युजरनेम टाकलं की एरर १२१९: एकाच सर्व्हरला दोन नावांनी जोडता येत नाही. क्रेडेन्शियल मॅनेजरमधली (विंडोज पासवर्ड साठवतं ती जागा) नोंद काढली, तरी तेच.

'नेट यूज' या विंडोजच्या कमांडने जुनं कनेक्शन तोडायचं का? नेमकी कमांड कुणी देईल का? शेतकऱ्यांच्या उचलीचे आकडे आहेत हो त्यात, ते भलत्याच्या नजरेला पडू नयेत.