कुकरमधलं वरणाचं भांडं कसं काढता?

परवा डाळीचं भांडं पक्कडीतून निसटलं. कुकरमधून वर उचललं, ओट्याकडे वळले आणि अर्ध्या वाटेत पक्कड काठावरून सरकली. डाळ शेगडीवर, फरशीवर, थोडी डाव्या मनगटावर. मनगट २० मिनिटं नळाखाली धरलं म्हणून फोडावर निभावलं. तेव्हापासून पक्कड हातात घेतली की पोटात गोळा येतो. एकावर एक तीन भांड्यांचा उभा कुकर आहे. तुम्ही कसं काढता? नुसत्या युक्त्या नकोत, फजितीही सांगा.

*

आधी पक्कड तपासा. आमच्याकडे तिला सांडशी म्हणतात. खिळा ढिला झाला की तोंड तिरकं मिटतं. भांडं धरल्यासारखं वाटतं, पण धरलेलं नसतं. सासूबाई दर दिवाळीआधी खिळा ठोकून घ्यायच्या. मी हसायचे.

*

ओलं फडकं! नोकरीसाठी पुण्यात आलो, खोलीवर चौघं, पक्कड नाहीच. ओट्यावरचं फडकं उचललं, ते ओलं होतं. कोरड्या कापडात हवा असते म्हणून जरा वेळ मिळतो, ओल्यातून चटका थेट बोटांना. भांडं हातातून सुटलं. त्या रात्री लोणचं-भात. वर एकानं प्रेमानं टूथपेस्ट फासली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी ती पुसून काढली तेव्हा भाजतानाही ओरडलो नव्हतो इतका ओरडलो.

*

माझा गुन्हा घाईचा. डबा भरायचा होता, शिट्टी चमच्यानं उचलून धरली, सूं सूं थांबल्यासारखं वाटलं आणि झाकण फिरवलं. बाहेरून बसणारं झाकण, जोर केल्यावर उघडलं. कुकरमध्ये पाणी १२० अंशांच्या आसपास असतं, दाब एकदम उतरला की ते जागच्या जागी उसळतं. डाळ छताला. चेहरा वाचला तो केवळ मी बुटकी म्हणून. आता आतून बसणाऱ्या झाकणाचा कुकर घेतलाय. दाब असेपर्यंत ते हलतच नाही.

*

दाब गेल्यावरही झाकण उचलताना पलीकडची कड आधी वर करा. वाफ भिंतीकडे जाते. माझा चष्मा आणि भुवया दोन्ही शाबूत आहेत.

*

न्यू जर्सीत आमच्याकडे इलेक्ट्रिक कुकर. भांडं आणि कुकर यांच्यात पक्कड शिरायला जागाच नाही. फॉइल चार पदरी दुमडून पट्टी करते, भांडं तिच्यावर ठेवते, टोकं वर. झोळीसारखं उचलायचं. आई बघून म्हणाली, बाळाला पाळण्यातून काढतेस की वरण?

*

धागा मीच काढला होता, तर सांगते. नवी पक्कड आणली. तरी आज वरची दोन भांडी काढली आणि डाळीचं आतच ठेवून रवी फिरवली, मग पळीपळीनं पातेल्यात. लेक म्हणाला, आज वरण कोमट का? म्हटलं, कोमटच जेव.